हमी द्यावी, पण जपून : नवोदितांसाठी परभणी पद्धत

अभिनंदन! तुम्ही सत्तेत आला आहात, निदान येण्याच्या बेतात आहात, आणि एक अख्खा मागास विभाग हात जोडून दारात उभा आहे. त्याला काहीतरी द्यावं लागणारच. पैसा द्यावा तर तिजोरीला भगदाड पडतं. पाणी द्यावं तर वरच्या धरणवाल्यांचे फोन सुरू होतात. कारखाना द्यावा तर 'तो पुण्याजवळ का नको' असं विचारणारे तुमच्याच मंत्रिमंडळात बसलेले असतात. घाबरू नका. हमी द्या. तीही साधीसुधी तोंडी नको, चांगली घटनेच्या कलमातली द्या. तिला खर्च नाही, जागा लागत नाही, आणि नीट ठेवली तर दोन-तीन पिढ्या सहज जाते.

हे मार्गदर्शन परभणीहून होत आहे, हे तुमचं भाग्य समजा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छातीठोक म्हणतो. का म्हणतो, हे नक्की कोणी सांगू शकत नाही, पण कागदावरच्या हमीचा अनुभव पाहिला तर जर्मनीही मागे पडेल. निजामाचं फर्मान, पुढाऱ्यांचा करार, घटनेचं कलम, राज्यपालांचा आदेश, सगळं आमच्यावर वापरून झालेलं आहे. म्हणजे खाली दिलेली प्रत्येक पायरी प्रयोगसिद्ध आहे.

पायरी १. मुदत लिहू नका.

ही चूक पहिल्याच दिवशी होते. निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडूनही झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला. नाव किती नामी! काहीही बदलायचं नाही, हेच लेखी ठरवायचं. पण त्यात एक वर्षाची मुदत घातली. ते वर्षही पुरं झालं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आले. मधल्या काळात परभणीच्या लोकांनी निजामाच्या पाठीराख्या रझाकारांचा जाच भोगला तो वेगळाच.

नंतरच्या राज्यकर्त्यांनी यातून अचूक धडा घेतला. आमच्या नशिबी पुढे जेवढे करार आणि कलमं आली, त्यांत 'अमुक वर्षापर्यंत' असं कुठे सापडलं तर कळवा.

पायरी २. हक्क द्यायचेच असतील तर ज्यांच्याविरुद्ध लोक लढले त्यांच्याच सहीने द्या.

भारताचं संविधान भारताच्या लोकांनी स्वतःला दिलं, असं आपण शाळेत शिकतो. हैदराबाद संस्थानाचे प्रतिनिधी त्या संविधान सभेत नव्हते. मग परभणीच्या माणसापर्यंत मूलभूत हक्क पोचले कसे? नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामांनी फर्मान काढलं की संविधान सभा जी राज्यघटना स्वीकारील, तीच हैदराबादचीही राज्यघटना. झालं. वर्षभरापूर्वी ज्यांच्या राजवटीतून सुटण्यासाठी माणसं तुरुंगात गेली, त्यांच्याच हुकमाने ती माणसं प्रजेची नागरिक झाली. २६ जानेवारी १९५० ला निजाम राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत राहिले.

नवशिक्यांनी येथे एवढंच लक्षात घ्यावं की हक्क वरून खाली आले की घेणाऱ्याला ते मेहेरबानीसारखे वाटतात आणि तो हिशेब विचारत नाही. ही सवय एकदा लागली की लवकर जात नाही.

पायरी ३. करार करा. शक्यतो दुसऱ्याच्या गावी.

हा आपल्या अभ्यासक्रमाचा गाभा. वह्या उघडा.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्हीकडचे काँग्रेस पुढारी बसले. यशवंतराव चव्हाण होते, भाऊसाहेब हिरे होते. मराठी भाषकांचं एकच राज्य व्हावं आणि त्यात कोणाला काय मिळावं, हे कलमवार लिहिलं गेलं. खर्चाचं वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात. तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात. सरकारी नोकऱ्याही तशाच. हा मजकूर आज वाचला तरी माणूस हरखतो. म्हणूनच तो फारसा वाचू देत नाहीत.

आता वाटणी बघा. नागपूरला काय मिळालं? वर्षातून किमान एक अधिवेशन आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ. दोन्ही वस्तू ठोस. अधिवेशनाला विधान भवन लागतं, आमदार निवास लागतो, काही दिवस अख्खं मंत्रालय हलवावं लागतं. हे टाळलं तर लगेच दिसतं. त्यामुळे ते बहुतेक दरवर्षी होतं, मग कामकाज काय झालं ते विचारू नका.

आणि मराठवाड्याला? मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे 'विशेष लक्ष' दिलं जाईल, आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल.

या जागी थांबा आणि कारागिरीला दाद द्या. लक्ष! याला इमारत लागत नाही, मनुष्यबळ लागत नाही. दिलं की नाही हे तपासायचं कसं, ते अजून कोणाला सापडलेलं नाही. वरून 'विशेष' म्हटल्यामुळे घेणाऱ्याचा मानही राहतो. औरंगाबादला खंडपीठ मिळालं ते १९८१ मध्ये, वकिलांनी अनेक वर्षं भांडून. ते या करारात नव्हतंच.

एक तांत्रिक टीप : करार हा कायदा नसतो. त्यावर सह्या असतात, भावना असतात, पुढे रस्त्यांना सह्या करणाऱ्यांची नावंही मिळतात. पण तो घेऊन कोर्टात गेलं तर कारकून विचारतो, 'हे कोणत्या अधिनियमाखाली?'

पायरी ४. समोरच्याला बिनशर्त यायला लावा आणि त्याबद्दल त्याचा सत्कार करा.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. परभणीसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. 'मराठवाडा बिनशर्त सामील झाला', हे वाक्य तुम्ही पाठ करा. दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदनानंतर म्हणायचं असतं. आवाज थोडा कातर ठेवा. म्हणा, महाराष्ट्र हे ऋण कधीही फेडू शकणार नाही. हे तुमच्या भाषणातलं एकमेव वाक्य असेल ज्याच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

पायरी ५. आता घटनेचं कलम लिहा.

करारावर लोकांचा विश्वास डळमळू लागला की कलम काढायचं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ आला, आणि त्याचा दुसरा खंड आमचा. त्यात चार गोष्टी आहेत : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगवेगळी विकास मंडळं, त्यांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे, विकासखर्चाच्या निधीचं समन्यायी वाटप, आणि तांत्रिक शिक्षण व सरकारी नोकऱ्यांची समन्यायी सोय. या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर.

बघा, देशाच्या सर्वोच्च ग्रंथात परभणीच्या शेतकऱ्याच्या कालव्याची सोय! ऊर भरून येतो ना? येऊ द्या. मग खालच्या दोन खुंट्या तपासा, कारण पुढे सगळं ओझं त्यांच्यावरच टांगायचं आहे.

पहिली खुंटी : राष्ट्रपती अशी जबाबदारी आदेशाने सोपवू 'शकतील'. सोपवतीलच असं नाही.

दुसरी : निधीचं समन्यायी वाटप, पण 'संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून'. संपूर्ण राज्याच्या गरजा म्हणजे काय, हे राज्याचं वित्त खातं ठरवतं. वित्त खात्याला मराठवाडा कधी नकाशाबाहेर वाटत नाही, फक्त घाट चढून वर येईपर्यंत निधी संपलेला असतो.

पायरी ६. कलम अमलात आणायची घाई करू नका.

किती थांबायचं? आमच्याकडे अडतीस वर्षं थांबले. १९५६ चं कलम, मंडळं आली १९९४ मध्ये. मधे १९८४ साली विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मंडळं हवीत. एकमत झाल्यावर कामाला दहा वर्षं लागली. मतभेद असते तर किती लागली असती, कल्पना करा.

या मधल्या काळात लोक ओरडतील. सगळ्यांना गप्प करायला जाऊ नका, एक मोठी वस्तू द्या. परभणीत कृषी विद्यापीठासाठी रस्त्यावर आंदोलन झालं. राहुरीला १९६८ मध्ये मिळालं होतं, अकोल्याला १९६९ मध्ये. आम्हाला १८ मे १९७२ रोजी मिळालं. ते चांगलं चाललंही आहे, ज्वारी-कापसाच्या वाणांवर तिथे खरं काम झालंय, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नवशिक्यांसाठी यातला धडा गैरसोयीचा आहे. कलमाने जे दिलं नाही ते आंदोलनाने दिलं. ही बातमी फार पसरू देऊ नका. १९७४ मध्ये पसरली आणि अख्ख्या मराठवाड्यात विकास आंदोलन पेटलं.

पायरी ७. मोजा. मोजून झालं की पुन्हा मोजा.

लोक 'अन्याय, अन्याय' म्हणू लागले की अर्थतज्ज्ञ बोलवा. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिने १९८४ मध्ये अहवाल दिला. काम चोख होतं. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि कोणता जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचं. खाली असेल तेवढा त्याचा अनुशेष. बेरीज आली सुमारे ३१८७ कोटी.

आता यातली गंमत. हिशेब जिल्हावार होता. त्यामुळे अनुशेष फक्त मागणाऱ्यांचा निघाला नाही, सगळ्यांचाच निघाला. मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख, विदर्भाचा १२४६ कोटी ५४ लाख, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या उर्वरित महाराष्ट्राचा ११८९ कोटी ३८ लाख. तक्रार आम्ही केली आणि पंचनाम्यात शेजाऱ्याची चोरी आमच्याहून मोठी निघाली! कोकणातले, खानदेशातले मागे राहिलेले जिल्हे खरेच होते, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण अशा हिशेबाने राज्यकर्त्याची किती सोय होते, तेवढं टिपून ठेवा. सगळेच मागास ठरले की आधी कोणाला द्यायचं हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी युक्ती : अनुशेष रुपयांत मोजा. रुपया आपोआप वाढतो. १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर पुन्हा मोजणी झाली तेव्हा एकूण आकडा १४,००६ कोटी ७७ लाखांवर गेला होता, मराठवाड्याचा ४,००४ कोटी ५५ लाखांवर. मग २०११ मध्ये विजय केळकर समिती, तिचा अहवाल २०१३ मध्ये. रोग्याला औषध नाही दिलं तरी चालेल, थर्मामीटर तेवढा काढू नका. तोंडात काच असली की माणूस बोलत नाही.

पायरी ८. समन्यायाचा नियम करा आणि तो कोणाच्या अंगावर उलटतो ते शांतपणे बघा.

वैद्यकीय प्रवेशांसाठी ७०:३० चं सूत्र होतं. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के बाहेरच्यांना. ऐकायला किती न्याय्य! फक्त मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी होती. त्यामुळे सत्तर टक्के कशाचे, हा प्रश्न लातूर-परभणीच्या शिकवण्यांमध्ये रात्र जागणाऱ्या मुलांना पडायचा. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. रद्द करून घेण्यासाठी मराठवाड्याचेच आमदार भांडले. प्रादेशिक न्यायासाठीचा नियम रद्द व्हावा म्हणून मागास विभाग जेव्हा पेढे वाटतो, तेव्हा समजा की तुमचा हात बसला. परभणीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०२३ मध्ये.

पायरी ९. बंद करायचं तर सगळे तोंडाला फडकं बांधून घरात बसलेले असताना करा.

वैधानिक विकास मंडळं ३० एप्रिल १९९४ च्या राज्यपालांच्या आदेशाने आली. मुदत पाच वर्षं, मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. (पायरी १ चा भंग! पण मंडळाला मुदत घातली, हमीला नाही. फरक ओळखायला शिका.) ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. तेव्हा टाळेबंदी होती. रस्त्यावर पोलीस सोडून कोणी नव्हतं. मोर्चा काढला असता तर मोर्चेकऱ्यांमध्ये सहा फुटांचं अंतर ठेवावं लागलं असतं. मुदतवाढ दिली गेली नाही, एवढंच झालं. काही बंद करावंच लागलं नाही.

परभणीत बसस्टँडकडच्या हॉटेलात पुढे कधीतरी विषय निघाला. एक गुरुजी म्हणाले, "मंडळ बंद पडलं की हो काका." काकांनी बशीतला चहा संपवला. "पडलं? चालू होतं व्हय ते?"

सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. निर्णय घेणं महत्त्वाचं. घटनेत तरतूद आहेच, ठराव आहेच, आता निर्णयही आहे. कागदांची थप्पी कशी भरगच्च दिसली पाहिजे.

पायरी १०. अधूनमधून पॅकेज द्या.

मंत्रिमंडळाची बैठक मराठवाड्यात घ्या. १६ सप्टेंबर २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगरला झाली, मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाच्या तोंडावर, आणि ४५ हजार कोटींच्या वरचं पॅकेज जाहीर झालं. पॅकेज आणि हक्क यांत फरक असा की हक्क मागावा लागतो आणि मिळत नाही. पॅकेज न मागता मिळतं, त्यात जुन्याच योजना नव्या बेरजेत बसतात, आणि टाळ्याही पडतात.

घेणाऱ्यांसाठी विशेष वर्ग

हमी देणाऱ्यांचं झालं. पण टाळी एका हाताने वाजत नाही. अभ्यासक्रमाची ही बाजू दुर्लक्षित आहे, आणि परभणीकर म्हणून तिच्याबद्दल मला विशेष अभिमान आहे.

अ) निवेदन द्या. तीन प्रतींत. एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक 'माहितीस्तव' पालकमंत्र्यांना, एकीवर आवक विभागाचा शिक्का घेऊन पोच म्हणून घरी ठेवा. निवेदन देतानाचा फोटो काढा. फोटोत निवेदन सरळ धरलेलं असावं, साहेबांनी दुसरीकडे पाहिलं तरी चालेल. मजकूर गेल्या वर्षीचाच ठेवा, आकडे बदलण्याची गरज नाही. ते आपोआप कमी पडलेले असतात.

आ) अनुच्छेद ३७१ चा उल्लेख प्रत्येक भाषणात करा, पण वाचू नका. वाचलं तर 'शकतील' दिसेल आणि भाषणातला जोर जाईल.

इ) वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवला का, हे विचारू नका. घटनेने नेमकं हेच विचारायचा अधिकार दिलाय, आणि आपले आमदार तिथे बसलेलेही असतात. म्हणून तर टाळा. विचारलं की उत्तर येतं, उत्तर आलं की ते तपासावं लागतं, आणि मग 'अन्याय झाला' एवढं म्हणून भागत नाही, किती आणि कुठे ते सांगावं लागतं.

ई) सर्वांत अवघड प्रश्नाची तयारी ठेवा. कोणी तरी पोरगं उठून विचारतंच : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण हे चौघे मुख्यमंत्री मराठवाड्याचेच ना? मग? अशा वेळी चहा आणायला सांगा. चहा येईपर्यंत शंकररावांनी जायकवाडीसाठी किती केलं ते सांगा, ते खरंही आहे. डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत आला तो आकाशातून नाही. बाकी तिघांवर चहा संपेपर्यंत बोलणं येऊ नये, इतका वेळ लावा. तरीही पोरगं हटलं नाही तर त्याला युवक आघाडीचं तालुका पद द्या.

गृहपाठ

१. 'विशेष लक्ष' या वस्तूचं वजन, लांबी व किंमत काढा. (गुण : ५)

२. दांडेकर समितीचा ७५० कोटी ८५ लाखांचा अनुशेष भरून काढण्याऐवजी पुन्हा मोजण्यास किती खर्च येईल, ते सूत्रासह लिहा. (गुण : १०)

३. तुमच्या जिल्ह्यासाठी एक घटनात्मक हमी तयार करा. तीत 'शकतील', 'समन्यायी', 'यथोचित' व 'अधीन राहून' हे शब्द प्रत्येकी किमान दोनदा यावेत. रक्कम व तारीख आल्यास गुण कापले जातील. (गुण : २०)

गृहपाठ सादर करण्याची मुदत पाच वर्षं. मुदतवाढीचा अर्ज राज्यपालांच्या नावे करावा, सोबत मागील मुदतवाढीची सत्यप्रत जोडावी. मंडळाचं कार्यालय बंद आढळल्यास अर्ज दाराच्या फटीतून आत सरकवावा. पोच मागू नये.